इंग्रजी मेलमध्ये माशी नेमकी कुठे शिंकते: नेहमीच्या फ्रेजेस नीट कशा वापरायच्या

आमच्या टीममधल्या एका नवीन पोराने संध्याकाळी घरी निघताना परदेशातल्या सहकाऱ्याला मेल टाकला, 'प्लीज रिव्हर्ट ऑन माय चेंजेस बाय टुमॉरो मॉर्निंग'. त्याला म्हणायचं होतं की मी केलेले बदल बघ आणि सकाळपर्यंत उत्तर दे. पण सॉफ्टवेअरच्या कामात रिव्हर्ट करणं म्हणजे केलेलं काम मागे घेऊन कोड आधी होता तसा करून ठेवणं, आणि समोरचा माणूस बिचारा सज्जन, त्याने रात्रीतून सगळे बदल मागे घेतले आणि वर 'डन' म्हणून उत्तरही पाठवलं. सकाळी पोरगं डोक्याला हात लावून बसलेलं. काम कायमचं गेलं नव्हतं, तासाभरात परत आणलं, पण तो एक तास त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता यात गंमत बघा, स्पेलिंग बरोबर होतं आणि स्पेलचेकने एक लाल रेघ मारली नव्हती. चुकली ती फ्रेज. म्हणजे आपण हिंदुस्थानात रोज 'रिव्हर्ट' म्हणजे 'उत्तर दे' याच अर्थाने वापरतो आणि आपापसात ते सगळ्यांना कळतं, पण बाहेरच्या माणसाला त्याचा अर्थ 'पूर्वस्थितीला जा' एवढाच माहीत असतो. 'रिव्हर्ट बॅक' तर त्याहून वाईट, कारण 'परत' हे त्या शब्दाच्या पोटातच आहे, वर 'बॅक' लावलं की 'परत परत ये' झालं. 'रिप्लाय' लिहा, 'गेट बॅक टू मी' लिहा, विषय संपला.

मी स्वतः मराठी मिडियमचा, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं (पहिलीपासून इंग्रजी 2000 सालापासून आलं), त्यामुळे या सगळ्या चुका मी आधी स्वतः केल्यात आणि मग दुसऱ्यांच्या दुरुस्त करायला लागलो. गेली काही वर्षं ऑफिसात कुणालाही महत्त्वाचा मेल पाठवायचा असला की 'जरा बघ ना' म्हणून माझ्याकडे येतो. ते बघून बघून जे लक्षात आलं ते लिहितोय.

पहिली गोष्ट, फ्रेज ही शब्द जोडून बनत नाही, ती अख्खीच्या अख्खी घ्यावी लागते. आपण म्हणतो 'कुठेतरी माशी शिंकली'. कुणी मराठी शिकणारा माणूस म्हणाला 'कुठेतरी डास शिंकला' तर व्याकरणात काही चूक काढता येणार नाही, पण आपण हसून लोळू. इंग्रजीत आपण दिवसभर असेच डास शिंकवत असतो, फक्त समोरचा सभ्य असतो म्हणून हसत नाही.

मराठी खाली दिसतं त्या फ्रेजेस

सगळ्यात मोठा ढीग हाच. यासाठी माझी एक टेस्ट आहे: इंग्रजी वाक्य लिहून झालं की ते शब्दाला शब्द लावून मराठीत परत आणा, आणि जर फारच सुंदर, घरगुती मराठी वाक्य तयार झालं तर संशय घ्या. इंग्रजी वाक्य इतकं सुखासुखी मराठीत उतरतच नसतं.

'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' घ्या. परत आणा: 'मी इथे पाच वर्षांपासून काम करतोय'. एकदम परफेक्ट, म्हणजे गडबड आहे. गडबड 'पासून'ची आहे. मराठीत 'पाच वर्षांपासून' पण चालतं आणि '2019 पासून' पण चालतं, एकच शब्द दोन्ही कामं करतो. इंग्रजीत कामाची वाटणी झालेली आहे, 'सिन्स'ला सुरुवातीचा क्षण लागतो (सिन्स 2019, सिन्स मंडे) आणि किती काळ ते सांगायचं तर 'फॉर' (फॉर फाइव्ह इयर्स). शिवाय काम अजून चालू आहे म्हणून 'आय हॅव बीन वर्किंग'. ही एक फ्रेज सुधारली तरी रेझ्युमे आणि इंटरव्ह्यू दोन्हीकडे फरक पडतो, कारण तिथे हे वाक्य हमखास येतंच.

'आज सकाळी' वरून 'टुडे मॉर्निंग' आणि 'काल रात्री' वरून 'येस्टरडे नाइट'. इंग्रजीत 'धिस मॉर्निंग' आणि 'लास्ट नाइट'. आणि इथे इंग्रजी जरा चिडवतं, कारण 'येस्टरडे मॉर्निंग' चालतं, 'टुमॉरो मॉर्निंग' चालतं, मग 'टुडे मॉर्निंग'नेच काय घोडं मारलंय? काही नाही मारलं, रूढ नाही एवढंच. असल्या ठिकाणी का विचारत बसू नये, पाठ करावं आणि पुढे जावं.

'वन ऑफ माय फ्रेंड' ही आणखी एक. 'माझा एक मित्र' असं डोक्यात असतं, मित्र एकच, म्हणून 'फ्रेंड'. पण इंग्रजी फ्रेजचा खरा अर्थ 'माझ्या मित्रांपैकी एक' असा आहे, तिथे मित्र अनेकच हवेत, म्हणून 'वन ऑफ माय फ्रेंड्स'. 'पैकी' हा शब्द मनात म्हटला की शेवटचा स हातातून आपोआप टाइप होतो, ट्राय करून बघा.

परीक्षा आपण देतो, इंग्रजीत मास्तर देतात. 'आय गेव्ह द एक्झाम' म्हणजे तुम्ही पेपर काढून पोरांना बसवलंत. विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो. आणि ती पास होऊन कॉलेजातून बाहेर पडलात तर रेझ्युमेवर 'पास्ड आउट इन 2018' लिहू नका, कारण बाहेरच्याला त्याचा पहिला अर्थ लागतो '2018 मध्ये चक्कर येऊन पडलो'. खडकवासल्याला एनडीएत पासिंग आउट परेड होते ती बरोबर आहे, लष्करात हा शब्द खरंच तसा वापरतात, पण आपण काही परेड करत कॉलेजातून बाहेर पडलो नाही. 'ग्रॅज्युएटेड इन 2018' लिहा.

आपला 'च'. 'मी पुण्यातच आहे', 'आजच पाठवतो'. हा 'च' आपल्याला इतका प्रिय आहे की इंग्रजीत त्याच्या जागी 'ओन्ली' आणि 'इटसेल्फ' घुसवतो, 'आय ॲम इन पुणे ओन्ली', 'आय विल सेंड टुडे इटसेल्फ'. बोलताना ठीक आहे, गोड वाटतं, पण लिहिताना काढून टाका. इंग्रजीत हा जोर बोलताना आवाजाने येतो आणि लिहिताना शक्यतो शब्दांच्या जागेने, 'आय विल सेंड इट टुडे' यात 'टुडे' शेवटी आलं की पुरेसा जोर येतो.

बाकी पटापट: 'मायसेल्फ अमुकतमुक' नको, 'आय ॲम'. 'डिस्कस अबाउट' नको, नुसतं 'डिस्कस', त्यात 'विषयी' आहेच. 'कोप अप विथ' मधला 'अप' फुकटचा. 'कझिन ब्रदर' नको, आपल्याकडे चुलत, मामे, आते, मावस असे चार चार भाऊ आहेत हे खरं, पण इंग्रजीत सगळे मिळून एकच 'कझिन', त्याला इलाज नाही. आणि 'आय हॅव अ डाउट' जपून. आपली 'शंका' निरागस असते, शाळेत हात वर करून विचारतो तसली. परदेशी माणसाला तुम्ही 'आय हॅव अ डाउट अबाउट युअर कॅल्क्युलेशन' लिहिलंत तर त्याला वाटतं तुम्ही त्याच्या हिशेबावर अविश्वास दाखवताय. 'क्वेश्चन' लिहा.

कचेरीच्या कागदांतून आलेल्या

'काइंडली डू द नीडफुल'. ही फ्रेज इंग्रजांचीच, त्यांच्या जुन्या पत्रव्यवहारातली, त्यांनी ती केव्हाच अडगळीत टाकली आणि आपण जपून ठेवली. आपल्या सरकारी पत्रातलं 'योग्य ती कार्यवाही करावी' म्हणजे अगदी हेच. आणि दोन्हीतली गोची पण तीच, की योग्य ते म्हणजे नेमकं काय हे कुणीच सांगत नाही. वाचणारा विचार करतो, सही करू, पैसे पाठवू, की फाइल पुढे ढकलू? इथे फ्रेज बदलून भागत नाही, तिच्या जागी कामच लिहावं लागतं: 'प्लीज साइन पेज फोर अँड सेंड इट बॅक'.

तसंच 'द सेम'. 'प्लीज चेक द इन्व्हॉइस अँड कन्फर्म द सेम'. हे आपल्या 'सदर' आणि 'सदरहू'चं भावंड. साधं 'इट' लिहिलं की झालं, 'कन्फर्म इट'. कुणी तुम्हाला कमी शिकलेला समजणार नाही.

'ॲट द अर्लिएस्ट' मात्र खरंच घात करते. आपण लिहितो 'प्लीज सेंड ॲट द अर्लिएस्ट', म्हणजे लवकरात लवकर पाठवा. पण इंग्रजीत 'मंडे ॲट द अर्लिएस्ट' याचा अर्थ 'सोमवारच्या आधी तर नाहीच', जवळजवळ उलटा! पुरी फ्रेज 'ॲट युअर अर्लिएस्ट कन्व्हिनियन्स' अशी आहे, पण त्यातही तुमच्या सोयीने म्हटल्यावर समोरचा सोयीनेच पाठवणार. त्यापेक्षा वार आणि तारीख टाका.

आणि शाळेत रजेच्या अर्जात घोकून घेतलेलं 'विथ ड्यू रिस्पेक्ट'. आपल्याला वाटतं आदराने सुरुवात केली. इंग्रजीत 'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट' ऐकलं की समोरचा सावध होतो, कारण त्यानंतर बहुतेक वेळा 'तुमचं चुकतंय' हेच येतं, आपलं 'माफ करा हं, पण' असतं ना, तसं. रजा मागताना साहेबाला असं डिवचायची गरज नाही.

शेवटी सही करताना 'युअर्स फेथफुली' की 'युअर्स सिन्सिअरली'? हे मराठी माणसाला खरं तर पटकन कळायला हवं, कारण आपल्याकडे वडिलांना तीर्थरूप, धाकट्या भावाला चिरंजीव, हे मायने कुणी अदलाबदल करत नाही. ब्रिटिश पद्धतीत वर 'डिअर सर' किंवा 'डिअर मॅडम' असेल, म्हणजे नाव नसेल, तर खाली 'फेथफुली'. वर नाव असेल तर 'सिन्सिअरली'. अमेरिकेत नुसतं 'सिन्सिअरली'. आणि रोजच्या मेलला दोन्ही जड होतात, 'रिगार्ड्स' बास.

इथेच आणखी एक सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' हे मी दिवसाआड एकदा तरी बघतो. 'टू' दिसलं की आपण पुढे साधं क्रियापद लावतो, सवय आहे. टेस्ट सोपी आहे, 'टू'च्या पुढे क्रियापदाऐवजी 'इट' ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू इट' छान वाटतं? मग तिथे 'मीटिंग' लागणार, 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू'. 'आय वॉन्ट टू इट' वाटतं का? नाही. मग तिथे 'मीट'. हीच टेस्ट 'कमिटेड टू' आणि 'ऑब्जेक्ट टू' ला पण चालते.

कानाने शिकलेल्या

हा प्रकार वेगळा, कारण यात इंग्रजी मातृभाषा असलेले लोक सुद्धा आपटतात. ऐकताना दोन शब्द सारखे, लिहिताना भलताच लिहिला जातो, आणि गंमत म्हणजे चुकीच्या शब्दाचाही थोडाफार अर्थ लागतो म्हणून संशय येत नाही. याला इंग्रजीत 'एगकॉर्न' म्हणतात. 'एकॉर्न' म्हणजे ओकच्या झाडाचं फळ, ते कुणीतरी 'एग कॉर्न' असं लिहिलं होतं, त्यावरून 2003 मध्ये भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी हे नाव सुचवलं. मराठीत कल्पना करायची तर समजा कुणी लिहिलं 'ताकाला जाऊन भांडण लपवणे'. अर्थ लागतो की नाही? लागतो! पण भांडं गेलं.

तर 'फ्री रेन'. स्पेलिंग आर-ई-आय-एन, म्हणजे लगाम. घोड्याचा लगाम सैल सोडला, त्याला हवं तसं जाऊ दिलं, अशी ती फ्रेज. लोक आर-ई-आय-जी-एन लिहितात, म्हणजे राज्य, 'मोकळं राज्य', अर्थ लागतो म्हणून खपून जातं. देवनागरीत तर पाऊस पण 'रेन'च, त्यामुळे आपली तिहेरी पंचाईत. लगाम आठवा, चुकणार नाही.

'बेटेड ब्रेथ', श्वास रोखून. बी-ए-टी-ई-डी. हा 'बेट' म्हणजे 'अबेट', कमी होणं, ओसरणं, त्याचंच तुटलेलं रूप, शेक्सपिअरच्या मर्चंट ऑफ व्हेनिसमध्ये ही फ्रेज आहे. मध्ये आय घातला की तो गळाला लावायच्या आमिषाचा 'बेट' होतो, आणि तुमच्या श्वासाला गांडुळाचा वास यायला लागतो.

'पीक्ड माय इंटरेस्ट' मध्ये पी-आय-क्यू-यू-ई-डी, कुतूहल चाळवलं. पी-ई-ए-के वाला 'पीक' म्हणजे शिखर, म्हणजे तुमचा इंटरेस्ट शिखरावर पोचला आणि आता उतरणार! कंपनीला कव्हर लेटरमध्ये हे सांगणं बरं नाही. 'पर से' हे लॅटिन, एस-ई, 'नुसतं त्याच्यापुरतं पाहता' अशा अर्थाचं, त्याचं एस-ए-वाय करू नका. 'शुड ऑफ' ही चूक आपल्याकडे फार दिसत नाही, कारण आपण 'शुड हॅव' वहीत लिहून शिकलो, ऐकून नाही. ती खरी तिकडच्यांची चूक आहे, म्हणजे सोशल मिडियावर कुणा गोऱ्या माणसाने लिहिलंय म्हणून कॉपी करू नका.

लॅटिनवरून आठवलं, आय-ई आणि ई-जी. आय-ई म्हणजे 'म्हणजे', ई-जी म्हणजे 'उदा.'. 'फ्रूट्स, ई-जी मँगो' म्हटलं तर आंबा हे एक उदाहरण. 'अवर बेस्ट फ्रूट, आय-ई मँगो' म्हटलं तर आंबाच, दुसरं काही नाही. कॉन्ट्रॅक्टमध्ये हा फरक पैशात मोजला जातो.

देश बदलला की अर्थ बदलतो

ब्रिटनमध्ये मुद्दा 'टेबल' केला म्हणजे चर्चेला घेतला, अमेरिकेत 'टेबल' केला म्हणजे बाजूला ठेवला. आपण ब्रिटिश वळणाचे, विधिमंडळात कागदपत्रं 'सभागृहाच्या पटलावर' ठेवतात ते पटल म्हणजे हेच टेबल. अमेरिकन क्लायंटबरोबर हा शब्द टाळाच, तुम्ही चर्चेला तयार होऊन बसाल आणि तो विषय संपला समजून उठून जाईल.

'प्रीपोन' बद्दल मात्र मी आपल्या बाजूने आहे. लोक हसतात त्याला, पण शब्द ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे, आणि मुख्य म्हणजे कामाचा आहे. 'मूव्ह फॉरवर्ड' बघा, बुधवारची मीटिंग दोन दिवस 'फॉरवर्ड' केली म्हटलं तर काही जण सोमवारी येतात आणि काही जण शुक्रवारी, खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांत यावर एकमत नाही. प्रीपोनमध्ये असला घोळ नाही. फक्त बाहेरच्याला तो शब्द माहीत नसतो, म्हणून भारतात बिनधास्त वापरा, बाहेर लिहिताना 'द मीटिंग इज नाऊ ऑन मंडे' असं सरळ लिहा. तसंच 'आउट ऑफ स्टेशन' (गावाला गेलोय), इथे कळतं, तिथे त्याला वाटतं रेल्वे स्टेशनच्या बाहेर उभा आहे.

खात्री कशी करायची

फ्रेज गुगलवर अवतरण चिन्हात टाकून शोधा, म्हणजे शब्द त्याच क्रमाने मिळतील, आणि मग किती रिझल्ट आले ते बघू नका, कुठल्या देशातल्या साइट आहेत ते बघा. सगळ्या आपल्याच दिसल्या तर ती आपली घरगुती फ्रेज. ऑक्सफर्डच्या शिकणाऱ्यांसाठीच्या ऑनलाइन डिक्शनरीत काही अर्थांपुढे 'इंडियन इंग्लिश' असं लेबलच असतं, आणि अमेरिकन वापरासाठी मेरियम-वेबस्टर. नुसता अर्थ वाचू नका, खालची उदाहरणं वाचा, फ्रेज कशी वापरतात ते तिथे कळतं. स्पेलचेकवर भिस्त ठेवू नका, लगाम आणि राज्य हे दोन्ही शब्द त्याच्या दृष्टीने बरोबरच आहेत.

आणि तरीही खात्री वाटत नसेल तर फ्रेज सोडून द्या. 'फ्री रेन' ऐवजी 'फुल फ्रीडम' लिहिलं म्हणून कुणाचं काही अडत नाही.

परवाच अकाउंट्समधल्या एका मित्राचा मेल आला होता तपासायला, तो जवळजवळ जसाच्या तसा देतो: 'डिअर सर, विथ ड्यू रिस्पेक्ट, मायसेल्फ फ्रॉम अकाउंट्स. आय हॅव अ डाउट इन द इन्व्हॉइस यू सेंट येस्टरडे नाइट. काइंडली चेक द सेम, डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट अँड रिव्हर्ट बॅक.' वर लिहिलेलं जवळपास सगळं एका मेलमध्ये! मी दुरुस्त करायला बसलो, 'मायसेल्फ'चं 'आय ॲम' केलं, 'डाउट'चं 'क्वेश्चन' केलं, 'लास्ट नाइट' केलं, आणि 'नीडफुल'पाशी अडलो, कारण काय करायचंय तेच मला कळेना. त्याला फोन लावला, म्हटलं, अरे बाबा, त्या बिलात नेमकं चुकलंय काय?

तो म्हणाला, 'काही नाही रे, तिसऱ्या ओळीत 40 बॉक्स लावलेत, आपल्याकडे 36 च आलेत.'

म्हटलं, मग हे लिही ना.